गुरुत्वाचे नियम आणि गुरुत्वाच्या उपपत्ती : भरतीच्या उदाहरणावरून एक विवेचन

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस अरबी समुद्र आणि उत्तरेस वसईची खाडी आहे. उत्तनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना होडी केव्हा लोटावी हे ठरविण्यासाठी, आणि खाडीलगतच्या मिठागरांत मीठ पिकविणाऱ्यांना उघाडी केव्हा उघडावी हे ठरविण्यासाठी, भरतीची वेळ आधी कळणे अगत्याचे असते. उधाणाच्या भरतीचे पाणी साठवणीच्या तळ्यात घ्यावयाचे व पुढे ते वाफ्यावाफ्यांतून आटवीत न्यावयाचे, हा मिठागराचा क्रम. उधाणाचा दिवस चुकला तर भांगाच्या दिवसांत पाणी बांधापर्यंत पोचतच नाही आणि पुढील पंधरवड्याची वाट पाहावी लागते.

ही वेळ काढण्याचे एक जुने गणित मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर प्रचलित आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी. जो अंक येईल तितके वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, द्वादशीस नऊच्या सुमारास. आणि त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा एकदा. पक्ष शुद्ध असो वा वद्य असो, गणित तेच. पाणी का चढते याविषयी हे गणित एक अक्षरही सांगत नाही. ते फक्त केव्हा चढते एवढेच सांगते, आणि तेवढ्यापुरते ते विश्वसनीय आहे.

विज्ञानात ज्यास ‘नियम’ म्हणतात आणि ज्यास ‘उपपत्ती’ म्हणतात त्यांतील भेद या लहानशा उदाहरणात जवळजवळ संपूर्णपणे सामावलेला आहे. गुरुत्वाकर्षणाच्या इतिहासात हाच भेद मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्या इतिहासात एकाच नियमासाठी परस्परविरोधी उपपत्ती पुढे आल्या, काही टिकल्या, काही गळाल्या, आणि नियम मात्र बहुतांशी कायम राहिला. हे कसे घडले, आणि प्रतिस्पर्धी उपपत्तींमधून निवड कोणत्या कसोटीवर झाली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शब्दांचा घोटाळा

प्रथम शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. ‘ही तर नुसती थिअरी आहे’ असे म्हणण्याचा प्रघात इंग्रजीच्या द्वारे आपल्याकडेही आला आहे. त्यामागे एक कल्पना दडलेली असते. आधी अटकळ, तिला थोडा पुरावा मिळाला की थिअरी, आणि ती पूर्णपणे सिद्ध झाली की नियम, अशी ही तीन पायऱ्यांची शिडी आहे. मराठीत घोटाळा याच्या उलट दिशेने होतो. ‘सिद्धान्त’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थच मुळी ‘सिद्ध झालेला निष्कर्ष’ असा आहे. शालेय पुस्तकांतून केप्लरचे ‘नियम’ असतात, न्यूटनचे गतीविषयक ‘नियम’ असतात, पण न्यूटनच्याच गुरुत्वाकर्षणाच्या नियमास ‘सिद्धान्त’ म्हटले जाते. आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतेसही ‘सिद्धान्त’च म्हटले जाते. दोन भिन्न कार्ये करणाऱ्या विधानांस एकच नाव मिळाल्यामुळे, आइन्स्टाइनने न्यूटनला ‘खोटे ठरविले’ असा विद्यार्थ्याचा सहज ग्रह होतो.

वस्तुतः आपल्या गणिती परंपरेत याहून अचूक शब्द उपलब्ध आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यात गणिताच्या रीती श्लोकांत सांगितल्या असून, त्या रीती तशाच का, याचे विवरण त्यांनी स्वतःच लिहिलेल्या ‘वासनाभाष्या’त येते. रीत ही एक गोष्ट आणि रीतीची उपपत्ती ही दुसरी, हा भेद त्या परंपरेस पूर्णपणे परिचित होता. म्हणून पुढील विवेचनात निरीक्षणांतील नियमितता सांगणाऱ्या विधानास ‘नियम’ आणि त्या नियमिततेची संगती लावणाऱ्या विचारव्यूहास ‘उपपत्ती’ असे म्हटले आहे. उपपत्तीस कितीही पुरावा मिळाला तरी तिचा नियम होत नाही, आणि नियम कितीही अचूक असला तरी तो उपपत्ती होत नाही. दोहोंची कामे निरनिराळी आहेत.

नियमाचे अंतरंग

आता पाऊणपटीच्या गणिताकडे पुन्हा वळू. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश जाण्यास लागणारा काळ. पृथ्वी स्वतःभोवती तासाला पंधरा अंश फिरते. तेव्हा बारा अंशांचे अंतर भरून काढण्यास तिला ४८ मिनिटे लागतात. भरती चंद्राबरोबर चालत असेल तर दर तिथीस ती ४८ मिनिटांनी पुढे सरकली पाहिजे. पाऊणपटीचे गणित तिला ४५ मिनिटे देते. तोंडी हिशेबास सोपे पडावे म्हणून तीन मिनिटांची ही सूट घेतलेली दिसते. पंधरा तिथींत ही तूट ४५ मिनिटांची होते. पौर्णिमेस गणित सव्वाअकरा सांगते, आणि पुढल्या प्रतिपदेपासून मोजणी नव्याने सुरू झाल्यामुळे चूक साचत नाही. वसईच्या खाडीत आत शिरताना भरतीच्या लाटेस आणखी काही वेळ लागतो. त्याची भर ज्याने त्याने आपापल्या बंदराच्या अनुभवाने घालावयाची असते.

यावरून नियमाची तीन लक्षणे दिसून येतात. नियम हा मापनीय राशींमधील संबंध सांगतो. त्यास व्याप्ती असते. हेच गणित मुंबईच्या किनाऱ्यास लागू पडते म्हणून कोलकात्यास लागू पडेल असे नाही. आणि त्याच्यात काही फरक उरतो. या उरलेल्या फरकाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. बारकाईने वेळा नोंदविल्या तर भरतीचा रोजचा उशीर सारखा नसतो असे आढळते. उधाणाच्या सुमारास तो कमी असतो आणि भांगाच्या सुमारास बराच अधिक असतो. शिवाय एकाच दिवसाच्या दोन भरत्यांची उंची पुष्कळदा सारखी नसते. पाऊणपटीच्या नियमास या दोन्ही गोष्टींविषयी काहीच म्हणावयाचे नाही. उपपत्तीचे काम येथे सुरू होते.

भरतीच्या तीन उपपत्ती

सतराव्या शतकात युरोपात भरतीच्या किमान तीन उपपत्ती एकमेकींसमोर उभ्या होत्या. केप्लरने १६०९ साली चंद्र समुद्राच्या पाण्यास ओढतो असे लिहिले होते. परंतु किती बलाने, याचे माप त्याच्यापाशी नव्हते. गॅलिलिओस ही कल्पना गूढवादी वाटली. १६३२ च्या आपल्या संवादग्रंथात त्याने चंद्रास बाजूस सारून भरतीचे कारण पृथ्वीच्या दुहेरी गतीत शोधले. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि सूर्याभोवती फिरणे यांच्या मिश्रणाने समुद्राचे पाणी, हलत्या भांड्यातल्याप्रमाणे, हिंदकळते, असे त्याचे म्हणणे. देकार्तने १६४४ मध्ये तिसरी उपपत्ती मांडली. त्याच्या मते सर्व अवकाश सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांनी भरलेले असून, चंद्राखालून जाताना ते द्रव्य दाबले जाते व समुद्रास खाली दाबते.

उत्तनच्या किनाऱ्यावरील साधे निरीक्षण गॅलिलिओच्या उपपत्तीस अडचणीत आणण्यास पुरेसे आहे. त्याच्या मूळ तर्काप्रमाणे दिवसास एकच भरती आली पाहिजे आणि ती रोज त्याच वेळी आली पाहिजे. दोन भरत्यांसाठी त्यास समुद्राच्या तळाचा व आकाराचा आश्रय घ्यावा लागला, आणि तिथीबरोबर वेळ का सरकते यास त्याच्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. पृथ्वी फिरते हा त्याचा निष्कर्ष बरोबर होता. त्यासाठी पुढे केलेला भरतीचा पुरावा मात्र चुकीचा होता.

देकार्तची गोष्ट इतकी सोपी नव्हती. चंद्राखाली पाणी दबते की फुगते, हा प्रश्न किनाऱ्यावरून सोडविता येईल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु प्रत्येक बंदरात चंद्र माथ्यावर येणे आणि पूर्ण भरती येणे यांत निरनिराळे अंतर असते. मुंबईस अमावास्येची व पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास येते, म्हणजे चंद्र मध्यान्ही वा त्याच्या विरुद्ध असताना. पण त्यावरून केप्लरची बाजू सिद्ध झाली असे मानणे चुकीचे होईल, कारण दुसऱ्या एखाद्या बंदरात याच्या उलट आढळते. १७४० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने भरतीवरील निबंधास ठेवलेले पारितोषिक डॅनियल बर्नुली, ऑयलर, मॅक्लॉरिन आणि काव्हालेरी नावाचा एक जेझुइट पंडित यांच्यात वाटून दिले. पहिल्या तिघांनी न्यूटनच्या बलाचे गणित स्वीकारले होते. चौथा भोवऱ्यांच्या पक्षाचा होता. न्यूटनचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन त्या वेळी अर्धशतक उलटून गेले होते!

न्यूटनची उपपत्ती अखेर टिकली ती उरलेल्या फरकांच्या बळावर. १६८७ साली त्याने दाखविले की भरती चंद्राच्या ओढीने होत नसून ओढीतील फरकाने होते. पृथ्वीची चंद्रासमोरील बाजू मध्यापेक्षा अधिक ओढली जाते आणि पलीकडील बाजू मध्यापेक्षा कमी. म्हणून पाणी दोन्ही बाजूंस फुगते व दिवसास दोन भरत्या येतात. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर हा फरक घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सूर्य पृथ्वीस चंद्राच्या सुमारे १८० पट बलाने ओढतो, तरीही भरती उत्पन्न करण्याचे त्याचे सामर्थ्य चंद्राच्या निम्म्याहूनही कमी आहे, याचे कारण हेच. अमावास्या-पौर्णिमेस दोघांची फुगवटी एका रेषेत येऊन उधाण होते. अष्टमीच्या सुमारास ती परस्परांस छेद देऊन भांग होतो. मधल्या तिथींत सूर्याची लहान फुगवटी चंद्राच्या मोठ्या फुगवटीस पुढे-मागे खेचते, आणि भरतीचा रोजचा उशीर कमीअधिक होतो. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेस वा दक्षिणेस असल्यामुळे दिवसातील दोन भरत्या असमान होतात. पाऊणपटीच्या नियमास जे केवळ विक्षेप होते, ते येथे एका तत्त्वातून निघाले.

तथापि एखाद्या बंदरात पाणी नेमके किती चढेल हे न्यूटनच्या स्थिर फुगवटीवरून सांगता येत नाही. १७७५ नंतर लाप्लासने समुद्राची गती विचारात घेऊन भरतीस लाटेचे स्वरूप दिले. एकोणिसाव्या शतकात केल्व्हिनने आणि पुढे जॉर्ज डार्विनने भरतीचे निरनिराळ्या आवर्तकालांच्या घटकांत पृथक्करण केले. मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी होऊ लागल्या, आणि १८७९ साली हिंदुस्थानच्या बंदरांकरिता भरतीचे गणित करणारे एक यंत्र लंडनमध्ये तयार झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके याच पद्धतीच्या परंपरेतील आहेत. त्यांत घटकांचे आवर्तकाल चंद्रसूर्यांच्या गतीवरून, म्हणजे उपपत्तीवरून, येतात. त्यांच्या उंची मात्र त्या त्या बंदरातील मापनावरून ठरतात. नियम आणि उपपत्ती परस्परांच्या जागा न घेता एकत्र कसे नांदतात याचे हे कोष्टक म्हणजे उत्तम उदाहरण होय.

न्यूटनने काय सांगितले आणि काय सांगितले नाही

भास्कराचार्यांनी गोलाध्यायात पृथ्वीस आकर्षणशक्ती असल्याचे म्हटले आहे. तिच्या योगे जड वस्तू पृथ्वीकडे ओढल्या जातात व आपणांस त्या पडताना दिसतात. सभोवार सर्वत्र समान आकाश असताना स्वतः पृथ्वी कोठे पडणार, असा त्यांचा प्रश्न आहे. हा विचार खोल आहे. पृथ्वीस आधार काय, या जुन्या कोड्याचे ते तर्कशुद्ध उत्तर आहे. परंतु त्यास न्यूटनचा नियम म्हणणे योग्य होणार नाही, कारण त्यात मापाचा संबंध नाही व ती शक्ती चंद्रसूर्यांपर्यंत नेलेली नाही. शक्तीस नाव देणे आणि शक्तीचा नियम देणे या निराळ्या गोष्टी आहेत. पूर्वजांचा गौरव अचूक शब्दांनीच अधिक होतो.

न्यूटनची बाजू याच्या बरोबर उलट होती. त्याच्यापाशी नियम होता, पण शक्तीच्या स्वरूपाविषयी त्याने बोलण्याचे नाकारले. १६९३ साली बेंटलीस लिहिलेल्या पत्रात, मध्ये काहीही नसताना एका जड वस्तूने दुसरीवर दुरून परिणाम करणे ही कल्पना आपणास असंबद्ध वाटते, असे त्याने स्पष्ट केले आहे. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीस जोडलेल्या परिशिष्टात, गुरुत्वाचे कारण आपणास घटितांवरून काढता आले नाही आणि त्याविषयी आपण अटकळी रचीत नाही, अशी त्याची भूमिका आहे. ही जागा इतरांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. अठराव्या शतकात ल साज याने, विश्वातून सर्व दिशांनी अतिसूक्ष्म कण धावत असून दोन वस्तू एकमेकींस त्यांच्या आघातांपासून आडोसा देतात व म्हणून परस्परांकडे ढकलल्या जातात, अशी उपपत्ती मांडली. तिच्यातून व्यस्त वर्गाचा नियम सहज निघतो. म्हणजे नियमाशी जुळणे एवढ्या कसोटीवर ती उत्तीर्ण होते. परंतु असे आघात सोसणाऱ्या वस्तू विलक्षण तापल्या पाहिजेत, आणि गतिमान ग्रहांस विरोध झाला पाहिजे. मॅक्सवेल व पुढे पॉइन्कारे यांनी हे दोष दाखविल्यावर ती मागे पडली. नियमाशी जुळणाऱ्या उपपत्ती अनेक असू शकतात. त्यांतील निवड त्यांच्या इतर परिणामांवरून करावी लागते.

येथे आणखी एक सूक्ष्म मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. न्यूटनचा व्यस्त वर्गाचा संबंध स्वतः नियम असला, तरी गतिनियमांसह तो केप्लरच्या नियमांची उपपत्ती बनतो. परंतु न्यूटनच्या गणितानुसार ग्रह एकमेकांसही ओढतात, तेव्हा केप्लरची लंबवर्तुळे नेमकी खरी असूच शकत नाहीत. फ्रेंच तत्त्वज्ञ द्यूएम याने १९०६ साली या गोष्टीकडे लक्ष वेधले. ज्या नियमाचे स्पष्टीकरण करावयाचे त्यालाच उपपत्ती दुरुस्त करते. पाऊणपटीऐवजी ४८ मिनिटे सांगते.

बुधाच्या ४३ विकला

न्यूटनच्या नियमातही फरक उरलाच. युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून लव्हेरिये याने एका अज्ञात ग्रहाचे स्थान वर्तविले, आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. त्यानेच १८५९ साली बुधाच्या उपसूर्यबिंदूच्या सरकण्यात न उलगडणारा फरक दाखविला. पुढील मापनांनी तो शतकास सुमारे ४३ विकला ठरला. लव्हेरियेने पुन्हा अज्ञात ग्रह सुचविला. या वेळी तो सापडला नाही.

यावर दोन उपाय झाले, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. १८९४ साली अॅसफ हॉल याने सुचविले की गुरुत्व अंतराच्या नेमक्या दुसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात नसून २.००००००१६ या घाताच्या व्यस्त प्रमाणात आहे असे मानावे. म्हणजे बुधाचा फरक मिटतो. हा नियमास लावलेला ठिगळ होय. तो घात तसाच का, यास उत्तर नव्हते, आणि पुढे चंद्राच्या गतीशी तो विसंगत ठरला. १९१५ साली आइन्स्टाइनने मात्र नियमाच्या घातास हात न लावता बलाची कल्पनाच सोडली. द्रव्यामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि वस्तू त्या वक्रतेत आपल्या सरळतम मार्गाने जातात, या उपपत्तीतून ४३ विकला एकही अंक जुळवून न घेता बाहेर आल्या. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळावा, म्हणजे न्यूटनच्या विचारसरणीने निघणाऱ्या अंकाच्या दुप्पट, असेही तिच्यातून निघाले, आणि २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणातील निरीक्षणे तिच्या बाजूने गेली.

न्यूटनचा नियम यामुळे नष्ट झाला काय? क्षीण गुरुत्व आणि प्रकाशाच्या तुलनेने मंद गती असताना आइन्स्टाइनच्या समीकरणांतून तोच नियम निघतो. भाईंदरच्या खाडीतील भरतीचे गणित आजही न्यूटनच्याच सूत्राने होते. बदलला तो नियमाचा आशय आणि कळली ती त्याची हद्द.

हॉयल-नारळीकर उपपत्ती

आइन्स्टाइनच्या उपपत्तीस जे पर्याय मांडले गेले, त्यांतील एकाशी महाराष्ट्राचे नाव निगडित आहे. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर यांनी केंब्रिज येथे फ्रेड हॉयल यांच्यासमवेत १९६४ साली गुरुत्वाची एक नवी उपपत्ती प्रसिद्ध केली. तिचा उगम माखच्या विचारात आहे. वस्तूचे जडत्व हा तिचा अंगभूत गुण नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याशी असलेल्या तिच्या संबंधातून ते येते, असा तो विचार. हॉयल व नारळीकर यांनी त्यास गणिती रूप दिले. प्रत्येक कणाचे वस्तुमान इतर सर्व कणांच्या योगदानातून बनते. विश्वात एकच कण असेल तर त्यास वस्तुमानच असणार नाही.

या उपपत्तीचे गुण दोन. कणांची संख्या प्रचंड असता तिची समीकरणे आइन्स्टाइनच्या समीकरणांत परिणत होतात; म्हणून बुधाच्या ४३ विकला तिलाही मिळतात. आणि न्यूटन व आइन्स्टाइन यांस गुरुत्व हे आकर्षणच का, प्रतिकर्षण का नाही, हे निरीक्षणावरून मानून घ्यावे लागते. या उपपत्तीत ते गणितातूनच निघते. नियमात ‘असे आहे’ एवढेच होते तेथे ‘असेच का’ याचे उत्तर देणे, हे उपपत्तीचे खरे कार्य तिने केले.

परंतु तिलाही इतर परिणामांच्या कसोटीस उतरावे लागले. स्टीफन हॉकिंग यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असा आक्षेप घेतला की प्रसरणशील विश्वात, भविष्याकडून येणाऱ्या योगदानांची बेरीज केल्यास वस्तुमान अनंत होते. ज्या स्थिर-स्थिती विश्वकल्पनेशी ही उपपत्ती निगडित होती, तिलाही १९६५ साली सापडलेल्या सूक्ष्मतरंगांच्या पार्श्वप्रारणाने मोठा धक्का दिला. १९७० नंतरच्या दशकात तिच्या नव्या रूपातून, गुरुत्वांक काळाबरोबर अगदी सावकाश घटत असावा, असा निष्कर्ष निघाला. हे भाकीत मोजता येण्याजोगे होते. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण पाठवून चंद्राचे अंतर मोजले जाते. त्यावरून गुरुत्वांकातील बदल, असलाच तर, वर्षास एक लक्ष कोटींत एका भागाहूनही कमी आहे, असे दिसून आले आहे.

या इतिहासाकडे केवळ पराभवाची कथा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ज्या उपपत्तीस चुकीची ठरण्याची संधीच नाही, तिला उपपत्ती म्हणण्यात अर्थ नाही. नारळीकरांनी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि १९८८ पासून पुण्याच्या आंतरविश्वविद्यालयीन केंद्रात, ‘आयुका’त, गुरुत्व व विश्वरचनाशास्त्राच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. सर्वमान्य मतासमोर पर्याय मांडावा, पण त्याची भाकिते निरीक्षणाच्या स्वाधीन करावी, हा त्यांच्या कार्यातून मिळणारा धडा आहे.

आजचा उरलेला फरक

लव्हेरियेपुढील पेच आज आकाशगंगांच्या प्रमाणावर पुन्हा उभा आहे. सर्पिल आकाशगंगांच्या बाह्य भागातील तारे, दृश्य द्रव्याच्या गुरुत्वावरून अपेक्षित असलेल्या वेगापेक्षा बऱ्याच अधिक वेगाने फिरतात. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी नेपच्यूनचा मार्ग पत्करला आहे. न दिसणारे द्रव्य मानावे, नियम कायम ठेवावा. १९८३ साली मिल्ग्रोम यांनी दुसरा मार्ग सुचविला. अतिशय क्षीण त्वरणांच्या प्रदेशात न्यूटनचा नियमच बदलतो असे त्यांचे म्हणणे. आकाशगंगांच्या भ्रमणाशी हा बदललेला नियम चांगला जुळतो. परंतु आकाशगंगांचे गुच्छ व पार्श्वप्रारण यांच्या बाबतीत तो अडखळतो आणि सर्वसंमत उपपत्ती त्याच्या पाठीशी नाही. हॉलच्या घाताची येथे आठवण होते. पण इतिहासाची पुनरावृत्ती होईलच असे गृहीत धरता येत नाही.

प्रतिस्पर्धी उपपत्तींच्या छाननीचे एक नवे साधनही आता हाती आले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी प्रथम गुरुत्वीय लहरी टिपल्या. अशा क्षीण लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या पद्धतींत आयुकाच्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील एका घटनेच्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर पोचले. गुरुत्वाचा वेग प्रकाशाहून निराळा मानणाऱ्या अनेक उपपत्ती एका दिवसात बाद झाल्या. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे अशीच वेधशाळा उभारण्याच्या, सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाच्या, योजनेस केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

उपसंहार

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. नियम आणि उपपत्ती या खात्रीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नव्हेत. नियम ‘कसे’ व ‘किती’ हे सांगतो. उपपत्ती त्याची संगती लावते, त्याची हद्द दाखविते आणि प्रसंगी त्यास दुरुस्त करते. एका नियमास अनेक उपपत्ती लागू पडू शकतात. म्हणून नियमाशी जुळणे ही उपपत्तीची किमान अट आहे, पुरेशी कसोटी नाही. खरी कसोटी उरलेल्या फरकाची. गॅलिलिओ तिथीबरोबर सरकणाऱ्या भरतीपाशी थांबला, न्यूटन बुधाच्या ४३ विकलांपाशी. आइन्स्टाइन कोठे थांबेल हे अद्याप ठरावयाचे आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. ‘सिद्धान्त’ हा एकच शब्द सर्वत्र योजण्याऐवजी नियमास नियम आणि उपपत्तीस उपपत्ती म्हटले, तर ‘हे नुसतेच मत आहे’ आणि ‘हे कायमचे सिद्ध झाले’ या दोन्ही टोकांच्या गैरसमजांस मुळातच आळा बसेल. विद्यार्थ्यांना हा भेद दाखविण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एका पंधरवड्यात भरतीच्या वेळा किनाऱ्यावर उभे राहून लिहून घ्याव्या, त्या पाऊणपटीच्या गणिताशी ताडून पाहाव्या, आणि जो फरक उरेल तो कोठून आला याचा विचार करावा.